मनोरुग्णाच्या हातून खून झाला, तर शिक्षा होते का?

२५ जानेवारी २०१२. एसटी चालक संतोष माने याने पुण्याच्या स्वारगेट आगारातून बस पळवली आणि गर्दीच्या रस्त्यांवर बेफाम चालवली. नऊ जणांचा बळी गेला. मनोरुग्ण असल्याचा बचाव टिकला नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने फाशीऐवजी जन्मठेप दिली, दोष मात्र कायम ठेवला.

याच कोर्टाने २००२ मध्ये महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनातून निर्दोष सोडले होते. त्याला स्किझोफ्रेनिया होता.

फरक कशाने पडतो?
जुने कलम ८४, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२, फक्त आजाराच्या नावावर सूट देत नाही. आपण काय करतोय किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे त्या क्षणी आरोपीला कळत होते का, हा प्रश्न असतो. ‘कळत होते, पण आवरता आले नाही’ हा बचाव चालत नाही.

सिद्ध कोणी करायचे?
आरोपीने. शिपायाच्या बाबतीत खुनाआधीच्या उपचारांच्या नोंदी होत्या आणि तो पळूनही गेला नव्हता.

सुटला म्हणजे थेट घरी?
नाही. कोर्ट त्याला सुरक्षित ताब्यात ठेवते किंवा हमी घेऊन नातेवाइकांकडे सोपवते.

बहुतेक मनोरुग्ण हिंसक नसतात. तरीही पेण-रोह्यापासून पुण्यापर्यंत प्रत्येक कुटुंबाने उपचार अर्धवट सोडू नयेत आणि केसपेपर जपून ठेवावेत. आजार लपवला, तर उपचारही राहतात आणि पुरावाही.