स्मरणशक्तीची तालीम : लाभ किती, भूल किती?

आमच्या मुलाची बुद्धि वाढविण्यास कांहीं उपाय आहे काय, असें पालक आम्हां शिक्षकांस वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर विकावयास बसलेले लोकही आतां पुष्कळ झाले आहेत. म्हणून याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

तोंडी हिशेब करितांना हातचा जेथें क्षणभर ठेवितों, ती मनाची पाटी म्हणजे कार्यकारी स्मृति होय. ही पाटी फार लहान असते. ती सरावानें मोठी होते काय? अमेरिकेंत एरिक्सन, चेस व फलून यांनीं १९८० सालीं एका विद्यार्थ्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दोनशेंहून अधिक तासांच्या सरावानें तो ७ ऐवजीं ७९ अंक ओळीनें म्हणूं लागला. परंतु अंकांच्या जागीं अक्षरें देतांच तो पुनः सहांवर आला! तो धांवपटु होता. अंकांना तो शर्यतींच्या वेळा समजून लक्षांत ठेवी. पाटी वाढली नव्हती, युक्ति साधली होती. २००८ सालीं येगी व सहकारी यांनीं स्मृतीच्या खेळानें बुद्धि वाढते असें प्रतिपादन केलें. परंतु २०१३ सालीं मेल्बी-लर्वोग व ह्यूम यांनीं अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हां तो लाभ वाचन, गणित वा बुद्धि यांपर्यंत पोंचतो असा खात्रीलायक पुरावा आढळला नाहीं.

याहून घातक प्रकार 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चा. डोळ्यांस पट्टी बांधून मुलाकडून अक्षरें वाचवितात आणि त्यास दिव्य दृष्टि म्हणतात. वस्तुतः मध्यमेंदु जन्मापासून जागाच असतो. डोळ्यांची हालचाल व बाहुलीचें आकुंचन हीं त्याचींच कामें. मंगळूरचे श्री. नरेंद्र नायक यांनीं दाखवून दिलें आहे कीं, मूल नाकाच्या कडेच्या फटींतून पाहतें. पुस्तक डोक्यामागें धरावें, म्हणजे दिव्य दृष्टि तत्काळ मावळते. पैसा जातो तो जातोच. पण मुलास फट दिसत असते, टाळ्या पडतात म्हणून तें गप्प राहतें. पालकांनीं फी भरून असत्य शिकवावें, याचें आम्हांस अधिक दुःख होतें.

मग पाढे, पावकी, निमकी व पाठांतर व्यर्थ काय? मुळींच नाहीं. पाढा मुखोद्गत झाला म्हणजे पाटीवरची जागा मोकळी होते व ती विचारास मिळते. पाटी न वाढवितां तिच्यावरचा भार हलका करणें, हाच अभ्यासाचा खरा लाभ होय.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, कापूस विकून आलेला पैसा चमत्कारांवर खर्चूं नये. फळ्यावरचें न दिसणाऱ्या मुलास मंदबुद्धि ठरविण्यापूर्वीं त्याचे डोळे तपासून घ्यावे. अनेकदां उणीव बुद्धींत नसून चष्म्याची असते. रोज कांहीं वेळ त्यास उजेडांत, मैदानावर खेळूं द्यावें. त्यानें जवळदृष्टीचा धोका कमी होतो. आणि विद्यार्थिमित्रांनो, देवानें प्रत्येकास दिलेली पाटी लहान असो वा मोठी, तिच्यावर खरें तेंच लिहा.