माथेरानच्या वादात घोड्याचे खूर

माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्यांच्या जागी ई-रिक्षा आणाव्यात, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिले. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा संपण्याच्या मार्गाला लागली, हे चांगलेच झाले. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्यासही न्यायालयाने मुभा दिली. या ब्लॉकवरून घोडे घसरतात, ही अश्वपालांची जुनी तक्रार आहे. घसरून पडलेला घोडा सगळ्यांना दिसतो. महिनोन्‌महिने खूर दुखत असूनही पर्यटकांना पाठीवर घेऊन चालणारा घोडा मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

खूर बाहेरून दगडासारखा दिसतो, पण आत हाड, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. हे हाड बाहेरच्या कवचाला शेकडो नाजूक पापुद्र्यांनी बांधलेले असते. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर येतो, त्यामुळे दुखणेही बहुतेकदा तिथेच सुरू होते. नाल वेळेवर बदलली नाही, की खूर पुढे लांबतो आणि टाच खाली दबते. मग टाचेजवळचे छोटे हाड आणि त्यावरून जाणारा स्नायुबंध यांच्यावर पावलागणिक ताण येतो. कठीण रस्ता आणि उताराची चाल त्यात भर घालतात. पावसाळ्यात सततच्या ओलाव्याने खुराचा तळवा मऊ पडतो आणि कुजू लागतो, ते वेगळेच.

दुसरे कारण पायात नसते, चंदीत असते. धान्य आणि गूळ जास्त झाले, अंगावर चरबी चढली, की काही घोड्यांच्या रक्तात इन्सुलिन वाढते. २००७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तात इन्सुलिनची पातळी सतत चढी ठेवली. साखर वाढू दिली नव्हती, तरीही तीन दिवसांच्या आत त्यांचे खूर सुजले. पापुद्रे ताणून सुटले, की आतले हाड फिरते किंवा खाली खचते. मधुमेही माणसाच्या पायाची जखम आणि हा आजार एक नव्हेत, पण धडा सारखाच आहे: दुखणे पायात दिसले, तरी मूळ साऱ्या शरीरात शोधावे लागते.

घोडा कण्हत नाही. शिकारी प्राण्यांपासून जीव वाचवण्यासाठी दुखणे लपवण्याची सवय त्याच्या रक्तातच आहे. तरीही खुणा असतात. पुढचा दुखरा पाय टेकताना तो डोके वर उचलतो. दोन्ही पाय दुखत असतील, तर पावले आखूड पडतात आणि वळताना तो कचरतो. खूर गरम लागतो, वरच्या बाजूची नाडी ठणठण उडते. जुन्या आजारात खुरावर वळ्या उमटतात. त्या टाचेकडे रुंद आणि पुढे अरुंद असतात. इतके दिसले तरी पशुवैद्यकाला दाखवावे आणि क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

प्रत्यक्षात पुष्कळदा होते ते वेगळेच. हंगामात घोडा बसला, की घरची कमाई बसते, म्हणून वेदनाशामक देऊन त्याला पुन्हा फेरीला काढले जाते. फेनिलब्युटाझोनसारखे औषध दुखणे दाबते, आजार हटवत नाही. त्यात दुखऱ्या खुरावर आणखी भार पडतो आणि औषध लांबले, तर जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. वेळ निघून गेल्यावर पैसाही उपयोगी पडत नाही. अमेरिकेतील बार्बारो या विजेत्या शर्यतीच्या घोड्याचा मागचा पाय २००६ मध्ये मोडला. हाडावर उत्तम शस्त्रक्रिया झाली, पण भार दुसऱ्या पायांवर गेला, त्यांचे खूर सुजले आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावे लागले.

आजारी जनावराला कामाला जुंपणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाचा धाक कोणाला वाटणार? आणि तो जबर वाढवला, तरी हातावर पोट असलेला अश्वपाल लंगडा घोडा तपासणीपुढे आणण्याऐवजी लपवेल.

उपाय त्यामानाने स्वस्त आहेत. खूर महिन्याला जेमतेम सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. बिघडलेला खूर पूर्ण नवा यायला नऊ महिने ते वर्ष लागते. म्हणून दर सहा-सात आठवड्यांनी प्रशिक्षित नालबंदाकडून खूर तासून नाल बदलणे, धान्य-गूळ कमी करून सुक्या गवतावर भर देणे आणि ठाणबंद कोरडे ठेवणे, ही त्रिसूत्री प्रत्येक घोड्यासाठी हवी. परवान्याच्या नूतनीकरणाला हंगामापूर्वीची खूरतपासणी जोडता येईल. विश्रांती सांगितलेल्या घोड्याच्या मालकाला त्या काळात थोडा आधार मिळायला हवा. त्याशिवाय विश्रांतीचा सल्ला कागदावरच राहतो.

ई-रिक्षा वाढल्या, की घोड्यांच्या फेऱ्या कमी होतील. त्याने त्यांच्या पायांना आराम मिळेलच, असे नाही. कमाई घटली, तर पहिली काटछाट नालबंदाच्या आणि औषधाच्या खर्चात होते. रस्ता कोणता असावा, हे ठरवताना त्यावरून चालणाऱ्या खुरांची तपासणी कोण करणार आणि तिचा खर्च कोण उचलणार, हेही आताच ठरवायला हवे.