दांत मोडला, पण रोग कोठें?

आमच्या वऱ्हाडांत कार्तिक सरला, कीं अकोला-अमरावतीच्या जिनिंगांपुढें कापसाच्या गाड्यांची रांग लागते. अशा ऐन हंगामांत एखादा गिअरबॉक्स बसला, तर शेतकऱ्याची गाडी खोळंबते, मजुराचा रोज बुडतो आणि मालकाचा जीव टांगणीस लागतो. मग घाईनें हुकूम सुटतो, "चाक बदला आणि चालूं करा!" चाक बदलतें, रोग तसाच राहतो.

गिअरबॉक्सचें काम काय, तें आधीं पाहूं. विजेची मोटर मिनिटास सुमारें हजार फेरे घेते. जिनाचे रूळ मात्र शंभराच्या आसपासच फिरावे लागतात. मधला हिशेब लहानमोठीं दंतचक्रें करतात. फेरे घटतात, त्या मानानें जोर वाढतो. १८७० सालीं लॉर्ड मेयोनें खामगांवची रेल्वे सुरू केली, त्या वाफेच्या युगांत कारखान्यांतील यंत्रें पट्ट्यांवर फिरत. भार अति झाला, कीं पट्टा घसरे व यंत्र वांचे. दंतचक्राला घसरणें ठाऊक नाहीं. तें सोसतें, नाहीं तर मोडतें.

आयुर्वेदांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. यंत्रालाही हाच न्याय लागू पडतो.

पूर्वरूप म्हणजे आवाज, उष्णता आणि तेल. तेल दुधाळ दिसल्यास त्यांत पाणी शिरलें आहे. करपट वास आल्यास तें जळलें आहे. चकाकणारे कण पोलादाची झीज सांगतात. तांबूस-पिवळे कण वर्मगिअरच्या कांशाच्या चाकाची.

रूप दांतावर उमटतें. दांताच्या मध्यावर देवीच्या व्रणांसारखे खळगे पडले असतील, तर वारंवारच्या भारानें पृष्ठभाग थकला आहे. उंचीच्या दिशेनें ओरखडे असतील, तर तेलाचा पापुद्रा तुटला आहे. एकाच कडेला झीज असेल, तर दांडे सरळ रेषेंत नाहींत. मोडलेल्या दांताची जागा शिंपल्यासारखी गुळगुळीत व वक्र रेषांची असेल, तर भेग हळूहळू वाढत गेली, ही तिची संप्राप्ति. सगळीच खरबरीत असेल, तर एकाएकीं आघात झाला.

निदान, म्हणजे मूळ कारण, पुष्कळदां क्षुल्लक दिसतें. पेटीच्या माथ्यावर हवा जाण्यास एक छिद्र असतें. त्यांत रुईचा तंतु आणि धूळ बसली, कीं आंतली तापलेली हवा कोंडते व सीलाच्या कडेनें तेल बाहेर लोटते. मिस्त्री तीनदां सील बदलतो. छिद्र कोणी साफ करीत नाहीं! पेटीवर बसलेला तंतूंचा थर तर दुलईच होय. उष्णता बाहेर कशी पडावी? अकोल्याच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेथें तर विचारूंच नये. त्यावर कोणी भरमसाट तेल ओततो. तें घुसळून उष्णता आणखी वाढते.

छिद्र साफ करून, तेलाची पातळी खुणेवर आणून उष्णता उतरली, तर उपशयानें निदान खरें ठरलें. नाहीं तर पेटी उघडावी. उघडण्यापूर्वीं वीज तोडून स्विचास कुलूप घालावें, व किल्ली आंत हात घालणाऱ्याच्याच खिशांत असावी. मालकाच्या घाईपायीं गेलेलीं बोटें कोणताही कारागीर पुन्हां बसवूं शकत नाहीं. झिजलेल्या चाकाशीं नवें चाक जोडूं नये, जोडीच बदलावी. दांड्यांची सरळता तपासावी. दांतांना निळा रंग लावून स्पर्श कोठें होतो, तें पाहावें. रुईच्या शेजारीं तापलेलें बेअरिंग म्हणजे निखाराच, हें विसरूं नये.

अमरावतीचें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून चालूं आहे. आपल्या घरांतून इंजिनियर होणाऱ्या मुलामुलींनीं मिस्त्रीच्या कानाची अवज्ञा करूं नये, व मिस्त्रीनें त्यांच्या मोजमापाची. आणि कारखान्यांत एक वही ठेवावी : तेल केव्हां बदललें, पेटी किती तापली, काय मोडलें. रोग्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसतां चिकित्सा करणारा वैद्य आपण घरांत घेत नाहीं; यंत्रापाशीं तरी कां घ्यावा?