पाहुणे जातात, अस्वल राहते

कोल्हापूरहून कळे, मांडुकलीच्या वाटेने निघाले की उसाचे मळे हळूहळू विरळ होतात, डोंगर अंगावर येतात आणि गगनबावड्यात रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक करूळ घाटाने उतरतो, दुसरा भुईबावड्याने. खाली तळकोकण आणि वर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे सह्याद्रीचे माथे. पूर्वी माणसे इथे गगनगडावर दर्शनाला येत आणि संध्याकाळच्या एस.टी.ने घरी परतत. आता ती मुक्कामाला येतात. शनिवारी दुपारी गाड्या येतात, रविवारी संध्याकाळी जातात आणि मधल्या रात्री डोंगरउतारावर, जिथे काल-परवापर्यंत काजवेच काय ते चमकत, तिथे दिव्यांच्या माळा लागलेल्या दिसतात.

या मुक्कामांच्या जाहिरातींत धुके असते, धबधबा असतो, चुलीवरची भाकरी आणि तांबडा-पांढरा रस्सा असतो. ‘निसर्गाच्या कुशीत’ हे शब्द तर असतातच. अस्वल मात्र नसते, आणि असले तर चित्रातले. पण या रानात अस्वल खरोखरच आहे, फार्महाऊसचे जोते घालण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. दक्षिणेला राधानगरी-दाजीपूरचे अभयारण्य, उत्तरेला विशाळगडाचे रान आणि पुढे चांदोली, यांना जोडणाऱ्या पट्ट्यात गगनबावडा येतो. २०२१ साली शासनाने इथल्या सुमारे शंभर चौरस किलोमीटर वनाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला, तो याच जोडणीसाठी. असा दर्जा सरकारी जमिनीलाच मिळतो. लगतचे मालकीचे रान, काजूची बाग, नव्याने सपाट केलेला प्लॉट त्यात येत नाही. कागदावर हे ठीकच आहे. पण उंबर कोणाच्या गट नंबरात पिकला आहे, याची चौकशी अस्वल करीत नाही.

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय मनात अस्वलाची दोनच रूपे आहेत. एक मुलांच्या बिछान्यातले कापसाचे. दुसरे दरवेश्याचे. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना तो गल्लीत येणारा दरवेशी आठवत असेल. नाकात दोरी ओवलेले ते मुके जनावर मागच्या पायांवर उभे राहायचे, भेदरलेल्या पोराला त्याच्या पाठीवर बसवायचे आणि भीती जावी म्हणून केसांचा ताईत गळ्यात बांधायचा. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतरही हा खेळ बरीच वर्षे चालला. २००९च्या सुमारास देशातले अखेरचे नाचते अस्वल सोडवले गेले तेव्हा तो संपला. खेळ संपला हे उत्तमच झाले. पण दोरीशिवायचे अस्वल कसे असते, हे आपण कधी शिकलोच नाही.

ते भलतेच वेगळे प्रकरण आहे. या प्राण्याचा मुख्य आहार वाळवी आणि मुंग्या. पुढच्या पायांच्या लांब नख्यांनी ते कठीण वारूळ फोडते, फुंकर मारून माती उडवते आणि मग नाकपुड्या मिटून, ओठांचा चंबू करून वाळवी ओढून घेते. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतात, ते यासाठीच. हा ओढण्याचा आवाज शांत रात्री बराच लांबवर ऐकू येतो. वारुळाखेरीज मध, उंबर, जांभूळ, करवंद, बोर, बहाव्याच्या शेंगा, असे जे ज्या ऋतूत मिळेल ते. खाल्लेल्या फळांच्या बिया विष्ठेतून रानभर पडतात. म्हणजे खाणाराच पेरणाराही असतो. मादी हिवाळ्यात गुहेत एक किंवा दोन पिल्ले घालते आणि बाहेर पडली की कित्येक महिने त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. अस्वलांच्या साऱ्या जातींमध्ये ही सवय प्रामुख्याने आपल्या अस्वलालाच आहे.

आणि इथेच धोक्याचा भाग येतो. अस्वलाचे नाक विलक्षण तीक्ष्ण, पण नजर अधू आणि कान बेताचे. वारुळात तोंड खुपसून बसलेल्या अस्वलाला वाऱ्याच्या उलट बाजूने येणारा माणूस दहा पावलांवर येईपर्यंत कळत नाही. हरीण अशा वेळी पळते. अस्वल पळतेच असे नाही. वाघाच्या राज्यात, चटकन झाडावर सुटका न होणाऱ्या लेकुरवाळ्या प्राण्याने जगायचे तर उलटून अंगावर जाणे हाच उपाय, असे अभ्यासक त्याचे कारण सांगतात. ते माणसाला खायला येत नाही, घाबरून येते. पण घाव बसतात ते चेहऱ्यावर आणि डोक्यावर, आणि घाबरून घातलेला घाव काही हलका नसतो.

धनगरवाड्यांवरच्या आणि डोंगराकडेच्या गावांतल्या माणसांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ती रानात एकेकटी शिरत नाहीत, मोठ्याने बोलत जातात, दाट जाळीपाशी काठी आपटतात. करवंदाच्या दिवसांत पहाटेची वेळ टाळतात. विदर्भातली मोहफुले वेचणारी माणसे आणि अस्वले एकाच झाडाखाली एकाच प्रहरी येतात आणि तिथे अपघात होतात; इथे मोहाच्या जागी करवंद आणि जांभूळ आहे, एवढाच फरक. हा शेजार प्रेमाचा नाही, पण ठरलेला आहे. दोघांच्या वेळा वेगळ्या, म्हणून निभाव लागतो.

शनिवारचा पाहुणा या वेळा मोडतो. त्याला रात्री अकराला ‘नाईट वॉक’ हवा असतो आणि पहाटे ओढ्यावर फोटो. त्याच्यासाठी मध्यरात्रीपर्यंत शेकोटी आणि गाणी चालतात, आणि सकाळी उरलेला भात, मटणाची हाडे, आंब्याच्या साली, केकचा कागद असे सगळे स्वयंपाकघरामागच्या खड्ड्यात पडते. ज्याचे नाक जमिनीखालची वाळवी हुंगते, त्याला हा खड्डा शोधायला नकाशा लागत नाही. एकदा आले की ते पुन्हा येते. खड्ड्यावर आधी कुत्री जमतात, कुत्री अस्वलावर धावतात, आणि अस्वल उलटले की तीच कुत्री शेपूट घालून माणसांकडे पळत येतात, मागे अस्वलाला घेऊन.

तोवर पाहुणा पुण्या-मुंबईला पोचलेला असतो. वाटेत अस्वल भेटते ते सोमवारी पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेल्या माणसाला, किंवा सरपण आणायला गेलेल्या बाईला. अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू आला तर शासन वारसांना २५ लाख रुपये देते; जखमींनाही मदत मिळते. ती मिळायलाच हवी. पण फाटलेला चेहरा घेऊन कोल्हापूरपर्यंतचे पंचावन्न किलोमीटर ज्याला जावे लागते, त्याने ती मेजवानी खाल्लेली नसते. पर्यटनाच्या हिशेबात ही रक्कम कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

यावर काही उत्साही मंडळींचे उत्तर तयार असते: अस्वलालाच आकर्षण करा! कर्नाटकात बल्लारीजवळच्या दरोजी अभयारण्यात खडकांवर गुळाचा लगदा फासतात आणि मनोऱ्यावरून पर्यटक अस्वले पाहतात. छत्तीसगडमध्ये महासमुंदच्या चंडीमातेच्या देवळात अस्वले प्रसादाला येतात, आणि लोक त्यांना हाताने भरवतात. दरोजी निदान वनखात्याच्या ताब्यातले, राखलेले अभयारण्य आहे. वाड्यावस्त्यांनी भरलेल्या गगनबावड्याच्या उतारावर हाच प्रयोग खासगी मालकाने करणे म्हणजे दरवेश्याची दोरी पुन्हा बांधणेच आहे. या वेळी ती नाकाऐवजी पोटाला बांधलेली असेल, इतकेच.

ज्याने रानाच्या कडेला चार खोल्या बांधल्या त्याला लगेच खलनायक ठरवण्याचे कारण नाही. राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. पावसाने भात झोपवला आणि गव्यांनी ऊस तुडवला की शेतकऱ्याच्या हाती या खोल्यांचेच भाडे उरते. त्याच्या पोराला घाटाखाली नोकरी शोधायला जावे लागत नाही, हेही खरे. पण मग धंद्याचे नियम रानाने घालावेत, पाहुण्याने नव्हे. खरकटे रात्री बाहेर राहू नये. झाकणाच्या पिंपात बंद व्हावे आणि गाडीने खाली जावे. दिवे पायापुरते असावेत. उंबर आणि जांभळाची झाडे दृश्य अडवतात म्हणून तोडू नयेत, आणि त्या झाडांखाली तंबूही ठोकू नयेत. ओढ्याच्या दोन्ही अंगांना कुंपण न घालता वाट मोकळी ठेवावी, कारण पाण्याकडे जाणारी वाट बंद झाली की जनावर घराच्या अंगणातून वाट काढते. यातले काहीच फार खर्चाचे नाही. अवघड आहे ते पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला ‘नाही’ म्हणणे.

शाहूकाळाच्याही आधीपासून हा मुलूख बावडा जहागिरीचा, रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याचा. त्यांच्या ‘आज्ञापत्रा’त रयतेची आंब्या-फणसाची झाडे सरकारी कामासाठीही जबरीने तोडू नयेत, अशी ताकीद आहे. आरमाराला लाकूड हवे असताना जो संयम राज्याला परवडला, तो दोन दिवसांच्या सुट्टीला परवडू नये काय?

मेच्या अखेरीस जांभळे पिकतात आणि नेमके तेव्हाच शाळांच्या सुट्टीमुळे सगळ्या खोल्या भरलेल्या असतात. त्या तीन-चार आठवड्यांत ओढ्याकडची पायवाट दिवस मावळल्यापासून ऊन वर येईपर्यंत बंद ठेवावी. मुले हिरमुसतील. त्यांना दुपारी, गावातला जाणता माणूस सोबत देऊन, घोळक्याने तिकडे न्यावे आणि रात्रीतून फोडलेले वारूळ दाखवावे. ओल्या मातीवर नख्यांचे लांब ओरखडे असतात, बाजूला जांभळाच्या बियांनी भरलेली विष्ठा असते आणि उरलेली वाळवी आपले घर पुन्हा बांधायच्या घाईत असते.