द्वारपालाचा विवेक

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात आले. लगतचे पांढुर्णा व सौसर मात्र मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. मराठीचा आणि संत्र्यांचा हा मुलूख. तेथील एखाद्या बागायतदाराने म्हापशाच्या व्यापाऱ्यास भावासंबंधी ई-मेल धाडला आणि उत्तरच आले नाही, असे समजू. व्यापाऱ्याने पत्राकडे दुर्लक्ष केले असेल असे नाही. जाहिरातबाजांच्या कचऱ्याबरोबर त्याच्या टपालयंत्रणेने तेही गाडले असेल. सौदा हुकतो, फळ सडते, आणि दोष कोणाचा हे दोघांनाही उमगत नाही.

आगंतुक टपालाचा उपद्रव खरा आहे. १९७८ साली एका अमेरिकी संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने सुमारे चारशे जणांना एकदम जाहिरात पाठवली. तेथून सुरू झालेला हा रोग पुढे जगभर फैलावला. त्यावर २००३ मध्ये एव्हन हॅरिस यांनी मांडलेला 'करड्या यादी'चा उपाय आम्हांस विवेकाचा वाटतो. अनोळखी पत्र आले की यंत्रणा ते कायमचे नाकारीत नाही. 'तूर्त अडचण आहे, थोड्या वेळाने या' एवढेच सांगते आणि पाठवणारे यंत्र, प्रेषक व प्राप्तकर्ता यांची नोंद ठेवते. नियमाने चालणारी यंत्रणा पत्र रांगेत ठेवून पुन्हा येते व प्रवेश मिळवते. लाखो पत्रे उधळणाऱ्या कितीतरी यंत्रांना परत फिरण्याची सवड नसते.

हा उपाय निर्दोष नाही. काही मिनिटांचे आयुष्य असलेला ओटीपी उशिरा पोचून निरुपयोगी ठरतो. मोठ्या कंपन्यांचे पत्र दुसऱ्या खेपेस वेगळ्याच यंत्राकडून येते आणि पुन्हा अनोळखी ठरते. म्हणून परिचितांची 'पांढरी यादी' हवीच. मात्र ती केवळ प्रेषकाच्या नावावर विसंबून करू नये. लिफाफ्यावर खोटे नाव कोणीही लिहू शकतो. शिवाय ओळखीच्यांनाच प्रवेश, असा दंडक झाला तर टपालखान्याचा दरबार होईल आणि लहान गावचा प्रामाणिक माणूस बाहेरच तिष्ठत राहील.

येथेच खरा प्रश्न न्यायाचा आहे. दारातच नाकारलेल्या पत्राची वार्ता प्रेषकास त्याच्या यंत्रणेकडून सहसा मिळते. आत घेऊन निमूटपणे गाडलेल्या पत्राची मिळत नाही. पहिल्यात निदान दुसरा मार्ग शोधता येतो, दुसऱ्यात केवळ वाट पाहणे उरते. ज्या कार्यालयांनी तक्रारींसाठी ई-मेलचा पत्ता जाहीर केला आहे, त्यांनी हा भेद ओळखावा आणि बाजूस पडलेल्या पत्रांवर रोज एकदा तरी माणसाची नजर फिरवावी. द्वारपालाने चोरास जरूर अडवावे. पण दुरून आलेल्या पाहुण्यास नावगाव न विचारता परतवू नये.