गाळणी चहा गोड करत नाही

बालमित्रांनो,

या आठवड्याच्या टपालात आठवीतल्या एका मुलीचं पत्र आहे. ती लिहिते, "बाई, मला शिष्यवृत्तीचे पैसे मिळालेत. काकांचा जुना डीएसएलआर कॅमेरा आहे, ट्रायपॉडही आहे. गच्चीवरून मला देवयानी दीर्घिकेचा फोटो काढायचाय. पण आमच्या गल्लीत दिवे फार. ड्युअल-बँड फिल्टर लावला की शहरातूनसुद्धा झकास फोटो येतो म्हणे. घेऊ का? बाबा म्हणतात, आधी बाईंना विचार."

बाबा शहाणे आहेत हं! हा फिल्टर हजारो रुपयांना पडतो. आणि नेमकी हीच चूक मी स्वतः करून बसले आहे. दिवाळीच्या सुट्टीत, फटाक्यांचा धूर विरल्यावर, नवाकोरा फिल्टर लावून दोन तास गच्चीवर डास मारत बसले होते. संगणकावर फोटो उघडते तो काय, दीर्घिका कुठली, नुसता एक फिकट डाग! माझा मुलगा म्हणाला, "आई, हे तर फळ्यावर खडूचं बोट लागल्यासारखं दिसतंय." दुसऱ्या रात्री फिल्टर काढून ठेवला, तर तीच दीर्घिका कितीतरी बरी आली.

असं का झालं? चहाची गाळणी आठवा. गाळणी चहा गोड करत नाही, ती फक्त चोथा अडवते. फिल्टरचंही तसंच. तो आकाशातला उजेड वाढवत नाही, काही रंगांचा उजेड अडवतो. ज्याचा फोटो हवा त्याचाच उजेड अडला, तर हाती काय उरणार?

देवयानी दीर्घिका म्हणजे आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरचे अब्जावधी तारे. ताऱ्यांच्या प्रकाशात आपल्या सूर्यासारखेच सगळे रंग असतात. ड्युअल-बँड फिल्टर मात्र रंगांच्या दोनच अरुंद फटी उघड्या ठेवतो. म्हणजे गल्लीतल्या दिव्याबरोबर बिचारी दीर्घिकाही बाहेरच राहिली! कृत्तिकांचंही तेच. त्यांच्याभोवतीचा निळसर धूसरपणा म्हणजे धुळीवर विखुरलेला ताऱ्यांचाच प्रकाश. तिथेही हा फिल्टर नको.

मग तो करतात कशासाठी? मृग नक्षत्रातल्या तेजोमेघासारख्यांसाठी. तिथे तापलेल्या तरुण ताऱ्यांमुळे वायू स्वतः चमकतो, आणि तोही ठरावीक रंगांतच. हायड्रोजनचा लाल, ६५६ नॅनोमीटरचा, आणि ऑक्सिजनचा निळसर हिरवा, सुमारे ५०१ नॅनोमीटरचा. फिल्टरच्या दोन फटी बरोबर इथेच असतात.

या हिरव्या रंगाची एक गंमत आहे. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स या इंग्रज निरीक्षकाने एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. इंद्रधनुष्याऐवजी दिसल्या मोजक्या चमकदार रेघा. त्यातली हिरवी रेघ कुणाच्याच ओळखीची नव्हती. पुढे लोकांना वाटलं, हे नवंच मूलद्रव्य, आणि त्याचं 'नेब्युलियम' असं बारसंही झालं! १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं, की हा तर आपला ऑक्सिजनच. अतिविरळ वायूत तो असा चमकतो, एवढंच.

आता कॅमेऱ्याकडे वळू. रंगीत कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बारीक चौकोन असतात. दर चारांत एक लाल, दोन हिरवे, एक निळा. हायड्रोजनचा प्रकाश लाल चौकोनाला मिळतो, ऑक्सिजनचा हिरव्या आणि निळ्या दोघांना. म्हणून एकाच फोटोत दोन्ही वायू टिपता येतात. पण कुणी फक्त हायड्रोजनचा फिल्टर गळ्यात मारू लागला तर घेऊ नका. चारातले तीन चौकोन जवळजवळ उपाशी राहतील. तो कृष्णधवल कॅमेऱ्यांचा सोबती.

आणि आपल्या मैत्रिणीची खरी अडचण पुढेच आहे. साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे कारखान्यातच एक काच बसवलेली असते. हायड्रोजनचा बराचसा लाल प्रकाश ती अडवते. म्हणजे बाहेरचं दार उघडलं, तरी आतल्या दाराला कडी! खगोल छायाचित्रणासाठी ही काच मुद्दाम बदलून घेतात.

पालकांसाठी एक सूचना. 'शहरी दिव्यांवर उतारा' म्हणून जुन्या पद्धतीचे फिल्टरही विकतात. रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा त्यांचा चांगला उपयोग व्हायचा, कारण त्या दिव्यांचा उजेड मुख्यतः पिवळ्या पट्ट्यात असतो. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला. अडवणार तरी काय काय? हवं तर घरातली जुनी सीडी तिरकी धरून तिच्यात दोन्ही दिव्यांचं प्रतिबिंब पाहा. पिवळ्या दिव्याचे रंग तुटक दिसतील, एलईडीचे सलग. सूर्याचं प्रतिबिंब मात्र सीडीत चुकूनही पाहू नका.

तर बाळ, फिल्टर घेऊ नकोस. त्या पैशांतले थोडे एसटीच्या तिकिटाला काढ, बाकीचे राहू देत. दिवाळीच्या सुट्टीत अमावास्येच्या आसपास मामाच्या नाहीतर आजोळच्या कुठल्याही अंधाऱ्या गावी जा. विदर्भात कुणी नातेवाईक असतील तर आणखी छान. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली आहे.

रात्री नऊच्या सुमारास शर्मिष्ठा शोध. तिच्या 'एम'चं जास्त टोकदार टोक देवयानी दीर्घिकेकडे बोट दाखवतं. ५० मिलिमीटरची लेन्स पूर्ण उघडी ठेव. ऑटोफोकस बंद करून एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने फोकस कर. आयएसओ १६००. प्रत्येक फोटो फक्त ५ सेकंदांचा, नाहीतर पृथ्वी फिरते म्हणून तारे रेघोट्या होतात. असे २०० फोटो काढ आणि 'डीप स्काय स्टॅकर' या मोफत प्रोग्रॅममध्ये एकावर एक रच. मध्येच लेन्सवर दव साचतं, ते पाहत जा.

पुढे कधी काच बदललेला कॅमेरा आणि ताऱ्यांमागे फिरणारी बैठक मिळालीच, तर हिवाळ्यात मृगाच्या तेजोमेघासाठी ड्युअल-बँड घ्यायला हरकत नाही. मग शहरातली गच्ची चालेल, चांदणं असलं तरी चालेल.

फोटो निघाला की पाठव. गावाचं नाव आणि किती फोटो रचलेस, तेही लिही.

तुमची,
बाई