उड्डाणाआधीची शिस्त



आपल्या ग्वाल्हेरात लढाऊ विमानांचा आवाज नवा नाही. १९८५ साली मिराज २००० महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर आले. तेच विमान संगणकावर उडवावे असे मुलांना वाटले, तर नवल नाही. शाळेच्या संगणक कक्षात हा खेळ कशाला, असे काही पालक व विश्वस्त विचारतात. आमचे मत असे की तो जरूर असावा, पण उड्डाण नियमाने व्हावे.

पुष्कळ मुले थ्रॉटल एकदम पुढे ढकलतात, जॉयस्टिक पोटाशी ओढतात आणि विमान आपटते. मग लगेच ‘रीस्टार्ट’! यात शिकणे कुठे आले?

योग्य रीत अशी. वाऱ्याकडे तोंड करून धावपट्टीच्या मध्यरेषेवर थांबावे. ब्रेक दाबून इंजिनाची शक्ती वाढवावी, तापमान व फेरे पाहावेत. सर्व ठीक असेल तरच ब्रेक सोडून आफ्टरबर्नर लावावा. ठरलेला वेग येईपर्यंत नाक उचलू नये. पंखांची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर उचल चौपट. घाईने नाक उचलले की हवेचा विरोध वाढतो, वेग रेंगाळतो आणि धावपट्टी संपत येते. फार ओढले तर मिराजसारख्या त्रिकोणी पंखांच्या विमानाचा मागचा भाग जमिनीला घासतो. विमान खरोखर वर चढू लागल्यावरच चाके आत घ्यावीत, मात्र वेग फार वाढण्याआधी. आफ्टरबर्नर इंधन भराभर पितो, म्हणून तोही वेळेवर बंद करावा.

याला नुसता खेळ म्हणणेही बरोबर नाही. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून असे शिक्षणयंत्र बनवले. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्यावर शिकले. चूक जमिनीवरच व्हावी, जीव जाऊ नये, हाच त्यामागचा हेतू.

म्हणून विश्वस्त मंडळास आमची सूचना आहे की शनिवारी एक तास द्यावा. मुलांनी जोडीने बसावे. एकाने यादी मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने उडवावे. विमान पडले तर का पडले हे वहीत लिहावे, मगच पुन्हा सुरू करावे. पालकांनी घरीही हाच नियम ठेवावा. ज्याला ही वही लिहिता आली, तो गणिताचे चुकलेले उत्तरही नुसते खोडणार नाही, कुठे चुकले ते शोधेल.